नेव्हीनं घरी बसवलेल्या माणसानं ताऱ्यांकडं जाणारी जहाजं कागदावर सोडली

अंतराळावरचा पिक्चर बघताना एक सीन ठरलेला असतो. कॅप्टन खुर्चीत बसतो, कुणीतरी बटण दाबतं, काचेपलीकडच्या ताऱ्यांच्या लांबलचक रेषा होतात आणि दोन मिनिटांत यान दुसऱ्या ताऱ्यापाशी हजर.

खऱ्या जगात हे गणित फार अवघड आहे.

सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा आहे प्रॉक्सिमा सेंटॉरी. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे साधारण ४० लाख कोटी किलोमीटर. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं पळतंय. ते प्रॉक्सिमाच्या दिशेनं निघालं असतं, तर त्याला पोचायला ७० हजारांहून जास्त वर्षं लागली असती.

बरं, इंजिन कितीही भारी बनवलं तरी वेगाला एक हद्द आहे. आईन्स्टाईनच्या सिद्धांतानुसार प्रकाशाच्या पुढं कुणालाच जाता येत नाही. आणि माणूस जगतो किती, तर ७०-८० वर्षं.

म्हणजे यानात बसलेला माणूस पोचायच्या आधीच संपणार. मग ताऱ्यांवर वस्ती करायची कशी?

बहुतेक लेखकांनी यावर सोपी पळवाट काढली. प्रकाशापेक्षा वेगवान इंजिन आहे असं मानायचं आणि गोष्ट पुढं न्यायची. पण एका माणसानं हा प्रश्न अंगावर घेतला. प्रवास हळूच होणार असेल, तर त्यात माणसांचं नेमकं काय होईल, असा विचार त्यानं केला. त्याचं नाव रॉबर्ट अॅन्सन हाइनलाइन.

आयझॅक असिमोव्ह आणि आर्थर सी. क्लार्क यांच्या जोडीनं विज्ञानकथेतल्या तीन मोठ्या नावांत त्याची गणना होते. विशेष म्हणजे लेखक व्हायचं असं त्यानं ठरवलंच नव्हतं. त्याला जहाजावर राहायचं होतं.

मिसुरीतलं पोरगं आणि समुद्राचं वेड

७ जुलै १९०७ ला अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, बटलर नावाच्या छोट्या गावात रॉबर्टचा जन्म झाला. सात भावंडांत हा तिसरा. पुढं कुटुंब कॅन्सस सिटीत आलं आणि तो तिथंच वाढला.

घरचं वातावरण धार्मिक. पैसाअडका बेताचाच. पण शहरात सार्वजनिक वाचनालय होतं आणि तिथली खगोलशास्त्राची पुस्तकं या पोरानं पिंजून काढली.

त्याचा मोठा भाऊ अॅनापोलिसच्या नेव्हल अॅकॅडमीत गेला होता. रॉबर्टनं पण तोच रस्ता धरला. तिथं जायला नुसते मार्क पुरत नसत, लोकप्रतिनिधीची शिफारस लागायची. त्यानं मिसुरीच्या सिनेटरकडून ती मिळवली आणि १९२९ साली तो नेव्हीचा अधिकारी होऊन बाहेर पडला.

सुरवातीला त्याची नेमणूक झाली लेक्सिंग्टन या विमानवाहू जहाजावर. त्या काळात विमानवाहू जहाज म्हणजे एकदम नवीन तंत्रज्ञान. हाइनलाइन तिथं रेडिओचं काम बघायचा. समुद्रावरचं जहाज आणि आकाशातली विमानं यांच्यातलं बोलणं चालू ठेवायचं, हे त्याचं काम. जहाजाचे कप्तान होते अर्नेस्ट किंग, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पुढं अख्ख्या अमेरिकन नेव्हीचे प्रमुख झाले तेच.

शेकडो माणसं एका लोखंडी डब्यात महिनोन् महिने कशी राहतात, हे हाइनलाइननं इथं जवळून पाहिलं. हुकूम वरून खाली कसा जातो, यंत्र कोण सांभाळतं आणि शिस्त सुटली तर काय होतं, ते सगळं त्याला माहीत होतं. त्यानं पुढं कागदावर जी जहाजं बांधली, त्यांचा पाया इथं घातला गेला.

नंतर तो रोपर या विनाशिकेवर गेला आणि तिथं तब्येतीनं घात केला. त्याला टीबी झाला.

१९३४ साली नेव्हीनं त्याला कायमचं अपात्र ठरवून निवृत्त केलं. वय होतं फक्त २७.

घराचं कर्ज आणि पहिली गोष्ट

पेन्शन चालू झाली, पण ती तुटपुंजी होती. हातात काम नव्हतं. तोवर लेस्लिन मॅकडोनाल्डशी त्याचं लग्न झालं होतं. हे त्याचं दुसरं लग्न.

कॅलिफोर्नियात येऊन त्यानं बरंच काही करून पाहिलं. विद्यापीठात जाऊन पुढचं शिक्षण सुरू केलं, ते सुटलं. जमिनी विकायचा धंदा केला, चांदीच्या खाणीत हात घातला. मग राजकारणात पडला. लेखक अप्टन सिंक्लेअर गरिबी हटवण्याच्या घोषणेवर कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवत होते, त्यांच्या चळवळीत हाइनलाइननं काम केलं. १९३८ ला तो स्वतः राज्याच्या विधानसभेला उभा राहिला आणि पडला.

निवडणूक हरली, खिसा रिकामा झाला आणि डोक्यावर घराचं कर्ज राहिलं.

त्याच सुमाराला एका मासिकानं नवोदितांसाठी कथास्पर्धा जाहीर केली होती. बक्षीस होतं ५० डॉलर. हाइनलाइननं गोष्ट लिहिली, पण स्पर्धेला न देता ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकाकडं पाठवली. संपादक जॉन कॅम्पबेलनं ती ७० डॉलरला घेतली.

ऑगस्ट १९३९ च्या अंकात छापून आलेल्या या गोष्टीचं नाव होतं ‘लाइफ-लाइन’. त्यात एक शास्त्रज्ञ असं यंत्र बनवतो, की कुठल्याही माणसाच्या मरणाची वेळ आधीच कळते. विमा कंपन्या त्याच्या मागं लागतात. माणसाचं आयुष्य म्हणजे काळातून जाणारी एक रेघ, तिला सुरुवात आहे तसा शेवटही आहे, ही कल्पना तिथं पहिल्यांदा आली. ही रेघ त्यानं पुढं कधीच सोडली नाही.

भविष्याचा इतिहास, तक्त्यासकट

गोष्टी विकल्या जायला लागल्या. घराचं कर्ज फिटलं. पण हाइनलाइनची एक अडचण होती. त्याच्या वेगवेगळ्या गोष्टी एकाच भविष्यात घडत होत्या. एका गोष्टीत चंद्रावर वस्ती झाली, तर पुढच्या गोष्टीत ती असायला पाहिजे. एकात एखादा शोध लागला, तर त्याच्यानंतरच्या गोष्टीत लोकांनी तो वापरला पाहिजे.

गोंधळ होऊ नये म्हणून त्यानं एक तक्ता बनवला. त्यात एका बाजूला सालं आणि पुढच्या रकान्यांत गोष्टी, पात्रं, तंत्रज्ञान, समाजात होणारे बदल असं सगळं मांडलं. ज्या गोष्टी अजून लिहायच्या होत्या, त्यांची नावं पण टाकून ठेवली. त्यातल्या ‘द स्टोन पिलो’सारख्या काही गोष्टी त्यानं शेवटपर्यंत लिहिल्या नाहीत.

कॅम्पबेलनं हा प्रकार पाहिला आणि त्याला नाव दिलं ‘फ्युचर हिस्टरी’, म्हणजे भविष्याचा इतिहास. मे १९४१ च्या अंकात त्यानं तो तक्ता चक्क छापून टाकला.

भविष्याचा लांबचा पट मांडणारे लेखक आधी पण होते. ब्रिटिश लेखक ओलाफ स्टेपलडननं १९३० साली माणसाच्या पुढच्या दोन अब्ज वर्षांची गोष्ट लिहिली होती. हाइनलाइनचा पट दोन-तीन शतकांचा, म्हणजे वाचकाच्या नातवंडा-पतवंडांच्या आवाक्यातला होता. त्यात संप होते, विमा होता, धर्माच्या नावावर आलेली हुकूमशाही होती आणि तिच्याविरुद्धचं बंड पण होतं.

या तक्त्याच्या शेवटाकडं माणूस सूर्यमालेबाहेर पडतो. इथं हाइनलाइननं पळवाट घेतली नाही.

व्हॅनगार्ड, जहाज आहे हेच विसरलेलं जहाज

ज्या अंकात तक्ता छापला, त्याच अंकात ‘युनिव्हर्स’ नावाची कथा पण आली. दुसऱ्या ताऱ्याकडं हळूहळू जाणाऱ्या आणि आत पिढ्यान् पिढ्या जन्मणाऱ्या-मरणाऱ्या माणसांच्या जहाजाची ही गोष्ट.

मूळ कल्पना हाइनलाइनची नव्हती. रशियाच्या त्सिओल्कोव्हस्कीनं १९२८ साली अशा जहाजाबद्दल लिहिलं होतं, तर १९२९ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नालनं अंतराळात तरंगणाऱ्या वस्त्या मांडल्या होत्या. १९४० साली डॉन विल्कॉक्सची ६०० वर्षांच्या प्रवासाची कथा पण आली होती.

पण हाइनलाइननं जो प्रश्न विचारला, त्यानं कथा वेगळी झाली. त्याला इंजिनाची काळजी नव्हती. प्रवासाला निघालेल्या माणसांची पणतवंडं तोच प्रवास चालू ठेवतील कशावरून, हे त्याला विचारायचं होतं.

गोष्ट अशी. २११९ साली जॉर्डन फाउंडेशनच्या पैशानं व्हॅनगार्ड नावाचं जहाज प्रॉक्सिमा सेंटॉरीकडं निघतं. जहाज म्हणजे एक प्रचंड नळकांडं. ते स्वतःभोवती फिरतं, त्यामुळं बाहेरच्या मजल्यांवर वजन जाणवतं आणि मध्याकडं गेलं की माणूस तरंगायला लागतो.

वाटेत बंड होतं. बहुतेक अधिकारी मारले जातात. जहाज चालवायचं ज्ञान ज्यांच्याकडं होतं, तेच संपतात. वाचलेले लोक बाहेरच्या मजल्यांवर शेती करून जगत राहतात.

काही पिढ्या गेल्यावर परिस्थिती काय होते बघा. जहाज हेच अख्खं विश्व आहे, असं लोक मानायला लागतात. बाहेर काही असू शकतं ही कल्पनाच उरत नाही. प्रवास हा शब्द शिल्लक राहतो, पण त्याचा अर्थ धार्मिक होतो. पैसे देणाऱ्या फाउंडेशनचा जॉर्डन हा जग निर्माण करणारा देव बनतो. शास्त्रज्ञ म्हणून ओळखले जाणारे लोक प्रत्यक्षात पुजारी असतात.

जुनी भौतिकशास्त्राची पुस्तकं त्यांच्याकडं असतात, ती पाठ पण असतात. पण न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम शिकवताना गुरुजी सांगतात, की हे प्रेमाचं काव्य आहे. दोन शरीरं एकमेकांकडं ओढली जातात आणि दुरावा वाढला की ओढ कमी होते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

हसू येतं, पण विचार केला तर भीती पण वाटते. पुस्तक जळलेलं नसतं, हरवलेलं नसतं. त्यातला शब्द न् शब्द जागेवर असतो. फक्त ते कशासाठी लिहिलं होतं, हे सांगणारा माणूस राहिलेला नसतो.

ह्यू हॉयलंड नावाचा तरुण या जगात वाढतो. जहाजाच्या आतल्या, कमी वजनाच्या मजल्यांवर म्यूटी म्हणून हिणवले जाणारे लोक राहतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या शरीरात व्यंग असतं. ह्यू त्यांच्या तावडीत सापडतो आणि जो-जिम या दोन डोक्यांच्या माणसाचा गुलाम होतो. जो-जिम मात्र वाचणारा निघतो. तो ह्यूला जहाजाच्या कंट्रोल रूममध्ये नेतो आणि तिथं ह्यूला पहिल्यांदा तारे दिसतात.

ह्यू खाली येऊन खरं काय ते सांगतो, तेव्हा त्याच्यावर खटला चालतो. देवाविरुद्ध बोलल्याबद्दल त्याला मरणाची शिक्षा होते. मित्र त्याला कसंबसं वाचवतात.

पुढचा भाग ‘कॉमन सेन्स’ ऑक्टोबर १९४१ मध्ये आला. त्यात नार्बी नावाचा हुशार, व्यवहारी अधिकारी कंट्रोल रूममध्ये जाऊन तारे बघतो आणि तरी विश्वास ठेवत नाही. त्याच्या हिशोबानं ती कुणीतरी केलेली नजरबंदी असते. शेवटी ह्यू आणि मोजकी माणसं एका छोट्या यानातून निसटतात आणि एका मोठ्या ग्रहाच्या चंद्रावर उतरतात. अख्ख्या मोहिमेतून पोचलेली एवढीच माणसं. ती पण नशिबानं.

या कथांमध्ये कच्चे दुवे आहेत. बायकांना तर जवळपास स्थानच नाही, ही टीका आजही होते आणि ती रास्त आहे. पण जहाजातल्या माणसांना आपण जहाजात आहोत हेच माहीत नसणं, ही कल्पना नंतरच्या लेखकांना सुटली नाही. १९५० साली ‘डायमेन्शन एक्स’ या रेडिओ मालिकेनं ‘युनिव्हर्स’ घराघरांत नेली. १९५८ साली ब्रायन ऑल्डिसनं त्याच कल्पनेला उत्तर म्हणून ‘नॉन-स्टॉप’ ही कादंबरी लिहिली. हाइनलाइनचे दोन्ही भाग १९६३ साली ‘ऑर्फन्स ऑफ द स्काय’ या नावानं पुस्तकात एकत्र आले.

दुसरं जहाज, न मरणाऱ्या माणसांचं

पिढ्या बदलल्या की ज्ञान बुडतं. मग पिढी बदलूच दिली नाही तर?

हा दुसरा रस्ता त्यानं त्याच वर्षी तपासला. जुलै ते सप्टेंबर १९४१ मध्ये ‘मेथुसेलाज चिल्ड्रन’ ही कादंबरी क्रमशः छापून आली. व्हॅनगार्ड गेलं ते गेलंच, त्याचा काही पत्ता नाही. आता न्यू फ्रंटियर्स हे दुसरं जहाज बांधलेलं असतं.

पृथ्वीवर हॉवर्ड कुटुंबं नावाचा एक गट असतो. ज्यांचे आजी-आजोबा दीर्घायुषी आहेत अशा माणसांची लग्नं आपसात लावत गेल्यानं या गटातली माणसं दीडशे-दोनशे वर्षं जगायला लागलेली असतात. बाकीच्या जगाला हे कळतं. पण लग्नं जुळवून आयुष्य वाढलं, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. यांच्याकडं काहीतरी गुपित औषध आहे म्हणून लोक त्यांच्या जिवावर उठतात. मग लाझारस लाँग हा म्हातारा पण खमक्या माणूस न्यू फ्रंटियर्स पळवतो आणि एक लाख लोकांना घेऊन निघतो.

यान प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जातं. त्यांना ग्रह पण सापडतात. पण पहिल्या ग्रहावर माणसं ही कुणाच्या तरी पाळीव प्राण्यासारखी ठरतात. दुसऱ्या ग्रहावरचे जीव एकाच सामाईक मनानं जगत असतात. मरणाला घाबरलेली मेरी स्पर्लिंग स्वतःचं वेगळेपण सोडून त्या सामाईक मनात मिसळून जाते. मरण टळतं, पण मेरी म्हणून कुणी उरत नाही.

बाकीचे बहुतेक जण घरी परत येतात. तोवर पृथ्वीवर जवळपास पाऊण शतक उलटलेलं असतं. आणि तिथल्या लोकांनी, हॉवर्ड कुटुंबांकडं गुपित आहेच या समजुतीपायी शोध घेऊन घेऊन, आयुष्य वाढवायचा उपाय स्वतःच शोधून काढलेला असतो.

म्हणजे आयुष्य वाढलं तरी हाइनलाइनच्या हिशोबात प्रवास फुकट होत नाही, किंमत मोजावी लागतेच.

युद्ध आणि दुसरी इनिंग

जुलै १९४१ मध्ये डेन्व्हरला जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. अवघ्या दोन वर्षांपूर्वी लिहायला लागलेला हाइनलाइन तिथं प्रमुख पाहुणा होता.

डिसेंबरमध्ये पर्ल हार्बर झालं. त्यानं लगेच नेव्हीत परत जायची धडपड केली. पण टीबीचा इतिहास असलेल्या माणसाला नेव्हीनं जहाजावर घेतलं नाही. शेवटी फिलाडेल्फियाच्या नेव्हल एअर एक्सपेरिमेंटल स्टेशनमध्ये तो साधा नागरी इंजिनिअर म्हणून लागला. तिथं त्याच्यासोबत आयझॅक असिमोव्ह आणि एल. स्प्रेग द कॅम्प हे दोन लेखक पण कामाला होते.

याच ठिकाणी त्याची भेट नेव्हीतली अधिकारी व्हर्जिनिया गर्स्टनफेल्डशी झाली. आधीचा संसार मोडल्यावर १९४८ ला दोघांनी लग्न केलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. त्यांना मूलबाळ झालं नाही.

युद्धानंतर हाइनलाइन स्वस्त मासिकांतून बाहेर पडून ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’सारख्या मोठ्या साप्ताहिकात गेला. १९४७ पासून स्क्रिब्नर्स प्रकाशनासाठी दर वर्षी एक किशोर कादंबरी लिहायला लागला. १९५० च्या ‘डेस्टिनेशन मून’ या सिनेमावर त्यानं काम केलं. अमेरिकेत जी पोरं पुढं इंजिनिअर झाली, त्यातल्या कित्येकांनी अंतराळाची पहिली गोष्ट याच्याच पुस्तकात वाचली होती.

या किशोर कादंबऱ्यांतच त्यानं तिसरं जहाज सोडलं.

तिसरं जहाज, जुळ्या भावांतला एक

१९५६ ची ‘टाइम फॉर द स्टार्स’ त्याच्या तक्त्यात बसत नाही, तिचं भविष्य वेगळं आहे. पण प्रश्न तोच.

आईन्स्टाईनच्या सिद्धांतात एक गंमत आहे. यान प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं की यानातला काळ पृथ्वीच्या मानानं हळू चालतो. वेग प्रकाशाच्या ९९ टक्के असेल, तर यानात एक वर्ष जातं तेव्हा पृथ्वीवर सात वर्षं जातात. म्हणजे यानातला माणूस जिवंतपणी ताऱ्यावर पोचू शकतो.

हाइनलाइननं यात टॉम आणि पॅट असे जुळे भाऊ घेतले. दोघांना एकमेकांचे विचार लांबूनही क्षणात कळतात, त्यामुळं रेडिओऐवजी त्यांचाच वापर करायचा ठरतो. एकानं यानात बसायचं, दुसऱ्यानं पृथ्वीवर थांबायचं. खर्च लाँग रेंज फाउंडेशन करतं. ज्या कामाचा फायदा दिसायला कित्येक पिढ्या लागतील, असल्याच कामात पैसे घालणारी ही संस्था.

आधी पॅट जाणार असतो, पण त्याला अपघात होतो आणि टॉम निघतो.

सुरवातीला भाऊ-भाऊ बोलतात. मग यानाचा वेग वाढतो आणि दोघांचे काळ जुळेनासे होतात. पॅट म्हातारा व्हायला लागतो. मग टॉम पॅटच्या मुलीशी बोलतो, नंतर नातीशी, नंतर पणतीशी. टॉम अजून तरुणच असतो.

दूरच्या ग्रहांवर रोगराई आणि हल्ल्यांत यानातली कित्येक माणसं मरतात. उरलेले थकलेले असताना एक दिवस पृथ्वीवरून दुसरं यान येऊन उभं राहतं. मधल्या काळात प्रकाशापेक्षा वेगवान प्रवासाचा शोध लागलेला असतो. ज्यासाठी यांनी आयुष्य घातलं, तिथं नवीन यान चुटकीसरशी पोचलेलं असतं.

मग यांचा प्रवास वाया गेला का? हाइनलाइन तसं म्हणत नाही. विचार क्षणात पोचतात हे या जुळ्यांमुळंच सिद्ध झालेलं असतं आणि त्यावरूनच नवीन भौतिकशास्त्र उभं राहिलेलं असतं. पण टॉम घरी येतो तेव्हा पृथ्वीवर सात दशकं उलटलेली असतात. समोर त्याच्याच चेहऱ्याचा एक थकलेला म्हातारा असतो.

पहिल्या जहाजात ज्ञान गेलं, दुसऱ्यात घर परकं झालं, तिसऱ्यात सख्खा भाऊ हातातून निसटला. हळू प्रवासाचे तीन रस्ते होते आणि प्रत्येक रस्त्यावरचा टोल वेगळा होता.

स्वतः हाइनलाइननं इतर कादंबऱ्यांत प्रकाशापेक्षा वेगवान यानं वापरली, त्याला त्याचं वावडं नव्हतं. पण जिथं वेगावर बंधन ठेवलं, तिथं त्यानं हिशोब चोख केला.

शेवटची वर्षं

पुढचा हाइनलाइन वादात सापडला. १९५९ च्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’वर लष्करशाहीचं कौतुक केल्याची टीका झाली. १९६१ ची ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ नेमकी उलट्या टोकाच्या हिप्पी पोरांनी डोक्यावर घेतली. एकेकाळी गरिबी हटाववाल्यांसोबत फिरलेला हा माणूस नंतर कट्टर साम्यवादविरोधी झाला. कादंबरीसाठीचा ह्युगो पुरस्कार त्याला चारदा मिळाला. १९७५ ला अमेरिकन विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेनं ग्रँड मास्टर हा किताब सुरू केला, तो पहिला त्यालाच दिला.

२० जुलै १९६९ ला अपोलो-११ चंद्रावर उतरलं, तेव्हा सीबीएस वाहिनीवर वॉल्टर क्रॉन्काइट यांच्यासमोर क्लार्क आणि हाइनलाइन बसले होते. आजपासून माणसाचं नवीन कॅलेंडर सुरू झालं पाहिजे, असं मत त्यानं मांडलं. बायकांना पण अंतराळात पाठवा, हे पण सांगितलं.

त्याच्या फ्युचर हिस्टरीत डी. डी. हॅरिमन नावाचा एक उद्योगपती आहे. तो माणसाला चंद्रावर पोचवायला सगळी इस्टेट पणाला लावतो, पण स्वतःला जायची वेळ येते तेव्हा तब्येत आडवी येते. ही कथा १९४० साली आली होती. लिहिणारा तब्येतीमुळंच जहाजावरून उतरवला गेलेला माणूस होता.

१९७० मध्ये तो गंभीर आजारी पडला. त्याचा रक्तगट दुर्मीळ होता आणि अनोळखी लोकांच्या रक्तावर तो वाचला. त्यानंतर विज्ञानकथा संमेलनांत रक्तदान शिबिरं भरवायचं त्यानं मनावर घेतलं. १९७८ मध्ये मेंदूला होणारा रक्तपुरवठा अडला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. पुढच्याच वर्षी तो अमेरिकन संसदेच्या समित्यांसमोर गेला आणि अंतराळ संशोधनातून आलेलं तंत्रज्ञान म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या किती कामी येतं, हे स्वतःचं उदाहरण देऊन सांगितलं.

८ मे १९८८ ला कॅलिफोर्नियातल्या कार्मेल इथं त्याचं निधन झालं. अस्थी पॅसिफिक महासागरात सोडल्या. नेव्हीनं ज्याला २७ व्या वर्षी समुद्रावरून उतरवलं होतं, तो ८० व्या वर्षी समुद्रात परत गेला. त्याच वर्षी नासानं त्याला मरणोत्तर पदक दिलं. आज मंगळावरच्या एका विवराला हाइनलाइनचं नाव आहे.

आज हा विषय कुठं आहे?

१९७३ ते १९७८ या काळात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीनं प्रोजेक्ट डेडलस नावाचा आराखडा केला. प्रकाशाच्या १२ टक्के वेगानं जाणारं, माणूस नसलेलं यान ५० वर्षांत बर्नार्डच्या ताऱ्यापाशी कसं पोचेल, याचं ते गणित होतं. २०१६ मध्ये ब्रेकथ्रू स्टारशॉट जाहीर झालं. लेझरच्या जोरावर टिकलीएवढी यानं प्रकाशाच्या २० टक्के वेगानं पाठवायची ही कल्पना. अजून यातलं काहीच उडालेलं नाही.

२०१६ मध्येच आणखी एक बातमी आली. प्रॉक्सिमा सेंटॉरीभोवती पृथ्वीएवढ्या वस्तुमानाच्या आसपासचा एक ग्रह फिरतोय आणि ताऱ्यापासूनचं त्याचं अंतर असं आहे, की तिथं पाणी द्रवरूपात असू शकतं. हाइनलाइननं १९४१ साली व्हॅनगार्ड ज्या ताऱ्याकडं सोडलं होतं, तोच हा तारा.

म्हणजे जायला ठिकाण आहे. इंजिन पण कधीतरी होईल. पण निघालेल्यांची पणतवंडं वाटेत कुठंतरी जन्माला येतील. त्यांनी पृथ्वी पाहिलेली नसेल आणि पोचायचं ठिकाण पण त्यांच्या हयातीत येणार नसेल. आपण कुठून निघालो आणि कुठं चाललोय हे त्या पोरांना कोण शिकवणार, आणि ते त्यांना खरं वाटेल याची सोय काय?

त्याचं उत्तर ठरल्याशिवाय जहाज सोडलं, तर काय होतं, ते ‘युनिव्हर्स’मध्ये लिहून ठेवलेलं आहे.